सरकणारा ठिपका

मित्रांनो, मी दुर्बीण आहे. जुनी, आणि घरीच घडवलेली. कारखान्यात लेथ चालवणाऱ्या एका टर्नरने सुटीच्या दिवशी काचेवर काच घासत आठ महिन्यांत माझा आरसा तयार केला. वीस वर्षे त्याने माझ्यातून आकाश पाहिले. मग त्याची नजर अधू झाली. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी त्याला नुसता काळा डाग दिसू लागला. मी कपाटामागे धूळ खात पडले.

दोन वर्षांनी बातमी आली. मोठ्या इमारतीएवढा एक लघुग्रह चंद्रापेक्षाही जवळून जाणार होता. धोका नव्हता, पण त्याची वाट नेमकी ठरवण्यासाठी हौशी निरीक्षकांनी वेळ टिपून पाठवायची होती. टर्नरच्या हयातीत तो परत येणार नव्हता.

"मी बघते. तुम्ही नुसतं सांगा," त्याची बायको म्हणाली. आजवर तिने मला अडगळच म्हटले होते! आठवडाभर रोज ती तारे शोधायला शिकत राहिली.

ठरलेल्या दिवशी अंधार पडताच आम्ही गच्चीवर होतो. पश्चिमेकडून ढग चढत होते.

"अहो, सगळं धुरकट झालं!"

"दव पडलंय. पुसू नकोस! ओरखडे पडतील. केस वाळवायचं यंत्र आण."

ती जिना धावत उतरली, धावत चढली. गरम वाऱ्याने माझे डोळा लावायचे भिंग हळूहळू निवळले. चार मिनिटे उरली होती.

"तीन तारे एका ओळीत?" त्याने विचारले.

"आहेत. पण खाली एकच हवा ना? दोन दिसतायत."

त्याने स्टॉपवॉच मुठीत घेतले. "त्यातला एक सरकतोय का?"

ती भिंगाला डोळा लावून बघत राहिली.

"अगं, बोल की!"

"सरकतोय! सरकतोय हो!"

"मधल्या ताऱ्याला भिडला की सांग."

ढगाची कड आली. तारे एकेक विझू लागले.

"आता!"

त्याने स्टॉपवॉच दाबले. पाठोपाठ सगळे काळे झाले.

त्यांची वेळ निरीक्षकांच्या यादीत घेतली गेली. पण त्या संध्याकाळी ती दोघे तिथेच जमिनीवर बसली. तो विचारत राहिला, "केवढा होता? लुकलुकत होता का?" आणि तिने सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपा, आमच्या काचा घासून पुसू नका. आणि ज्याला दिसत नाही, त्याला तुम्ही पाहिलेले सांगताना घाई करू नका.