न्यू फोल्डर तीन

हे मी लिहिणार नव्हतो. दोनदा टाईप करायला बसलो आणि दोनदा सेव्ह न करता बंद केलं. यात मी काही हुशार दिसत नाही. पण अनुज त्या दिवशी मान खाली घालून ऐकत बसला होता, ते डोक्यातून जात नाही. म्हणून आता सलग लिहून टाकतो.

२००२ची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. अनुज माझा कॉलेजातला मित्र, निर्मळ गावचा. घरची केळीची आणि फुलांची वाडी. मी एव्हरशाईन सिटीत फ्लॅटमध्ये राहणारा. कॉम्प्युटर मी कुठे क्लास लावून शिकलेलो नाही. बिल्डिंगमध्ये एकाचा बंद पडला होता, मी स्क्रू काढून आतली धूळ फुंकली, तो चालू झाला. तेव्हापासून मला सगळे बोलवतात आणि मी जातो.

अनुजकडचा कॉम्प्युटर जुना, त्याच्या मामाच्या ऑफिसातून आलेला. हार्ड डिस्क दोन जीबीची. त्यात जागा उरलेली चौदा एमबी. अनुजला कॉलेजच्या प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर टाकायचं होतं, त्याला दोनशे लागत होते.

तो कॉम्प्युटर खरं तर त्याच्या आईचा. चंद्रकांता काकू त्यांच्या समाजाच्या मंडळासाठी वधू-वर सूची करतात. कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी, शिक्षण, नोकरी, अपेक्षा, सगळं स्वतः मराठीत टाईप करतात. कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर येतं त्याचा कागद मॉनिटरच्या बाजूला चिकटवलेला. त्या गुरुवारी यादी माणिकपूरला छापायला जायची होती आणि तीन आठवड्यांनी मेळावा.

रविवारी मी गेलो तेव्हा काकू एका साखरपुड्याला निघाल्या होत्या. पदर खोचता खोचता म्हणाल्या, "हर्षवर्धन, काय साफ करायचं ते कर. माझ्या मुलामुलींना तेवढा हात लावू नकोस हं. एकसष्ट आहेत."

"काकू, एकाचंही लग्न मोडणार नाही," मी म्हटलं. त्या हसल्या. समोर सुकेळीची, म्हणजे घरच्या वाळवलेल्या केळ्यांची, बशी ठेवून गेल्या.

मी नियम ठरवला. उघडून बघायचं, मराठी दिसलं की सोडायचं. बाकी उडवायचं. नियम चांगला होता असं मला आजही वाटतं.

आधी रिसायकल बिन. मग टेम्पमधल्या तात्पुरत्या फायली. मग इंटरनेटचा कचरा. डिस्क तपासायला स्कॅनडिस्क लावलं, त्याने दोन-तीन एरर दाखवले, ते दुरुस्त केले. नव्वद एमबी मोकळे झाले. मग फॉन्टचा फोल्डर उघडला तर आत अकराशे फॉन्ट! कोणीतरी सीडीवरून सगळेच्या सगळे ओतले होते. एवढे फॉन्ट कोणाला लागतात? इंग्रजीतले नेहमीचे दहा-बारा ठेवले, बाकीचे सिलेक्ट करून डिलीट. त्यातल्या काहींची नावं नुसते आकडे आणि कॅपिटल अक्षरं, मला काय कळणार? बिन परत रिकामा केला. सत्तर एमबी एका झटक्यात. मला भारी वाटलं.

मग डॉक्युमेंट्स. मामाच्या ऑफिसच्या जुन्या इंग्रजी फायली उडवल्या, आणखी बत्तीस एमबी. तिथे एक 'न्यू फोल्डर (३)' होता. आत फायली १, २, ३ अशा आकड्यांच्या. एक उघडली. आत इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, टोप्या घातलेले ए आणि ओ. दुसरी उघडली, तेच. पाच-सहा बघितल्या. मराठी एक अक्षर नाही. आत्ताच स्कॅनडिस्कने एरर दाखवलेले, म्हणजे या करप्ट झाल्या.

अनुज मागे वाडीत मोटर लावायला गेला होता. खिडकीतून ओरडलो, "अन्या, न्यू फोल्डर तीनमध्ये काय आहे रे?"

"माझं नाय काय त्यात!"

शिफ्ट दाबून डिलीट, म्हणजे बिनमध्येही न जाता थेट गायब. किती फायली होत्या ते मोजलं नाही. मोजलं असतं तर तिथेच थांबलो असतो.

शेवटी डिफ्रॅग लावलं, म्हणजे डिस्कवरच्या विखुरलेल्या फायली सरकवून सलग लावणं. पडद्यावर रंगीत चौकोन इकडून तिकडे सरकत होते आणि आम्ही दोघं सुकेळी खात बघत बसलो. सगळं मिळून दोनशे सात एमबी. प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर बसलं.

सोमवारी संध्याकाळी अनुजचा फोन. "हर्ष्या, आईची यादी नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे नाहीये. फोल्डर रिकामा आहे. तू ये."

मी गेलो. काकू कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या, हात मांडीवर. तुळशीदास काका, म्हणजे अनुजचे वडील, दारात उभे. मी इकडे तिकडे क्लिक केलं. आणि मला खरंच वाटलं तेच बोललो. "काकू, फायली आधीच करप्ट झालेल्या. व्हायरस असणार."

व्हायरस म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. हे मला इतकी घरं फिरून कळलेलं.

काकू अनुजकडे वळल्या. "तुझ्या त्या मित्राच्या, फर्डिनंडच्या सीडीतनं आला ना? गेम पाहिजेत ना तुला?" आणि मग त्या त्यांच्या घरच्या बोलीत सुरू झाल्या. ती मला अर्धीच कळते. अर्धीसुद्धा जास्त होती.

काका म्हणाले, "विका तो डबा. वाडीला नवी मोटर तरी येईल."

"बाबा, माझा प्रोजेक्ट..."

"प्रोजेक्ट वहीत कर. आम्ही वहीतच पास झालो."

अनुजने खरंच ती सीडी लावली होती दिवाळीत. त्यामुळे त्यालाही वाटलं, आपणच केलं. तो मान खाली घालून ऐकत बसला.

"कागद असतील ना काकू?" मी विचारलं.

"कुठले कागद! लग्नात भेटले, बाजारात भेटले, फोनवर बोलले. कॅलेंडरच्या मागे लिहायचं, टाईप झालं की फाडायचं. दीड वर्षाचं काम आहे ते."

मंगळवारी आम्ही स्कूटरवर माणिकपूरला गेलो, थॉमसकडे. थॉमस म्हणजे डीटीपीवाला, काकूंची यादी छापायला लावून देणारा. त्याच्याकडे एखादी जुनी प्रत असेल ही आशा. रिक्षा स्टँडजवळ स्कूटर लावायला जागा नव्हती, म्हणून अनुज खाली थांबला आणि मी एकटा वर त्याच्या दुकानात गेलो.

थॉमसने खण उपसून एक फ्लॉपी काढली. "गेल्या वर्षीची आहे. यातली निम्मी तर संसाराला लागली, बाबा."

फ्लॉपी घातली, फाईल उघडली. पडद्यावर कंस, डॉलर, टोप्या घातलेले ए आणि ओ.

"ही पण करप्ट," मी म्हटलं.

"कसली करप्ट? हे मशीन कालच फॉर्मॅट केलंय, फॉन्ट टाकायचाय अजून." त्याने सीडी लावली, फॉन्ट टाकला, फाईल परत उघडली. समोर स्वच्छ मराठी. मुलीचे नाव. शिक्षण. उंची. "मराठी फाईल अशीच असते रे. मराठी असतं ते फॉन्टमध्ये. फॉन्ट काढला की खाली हा कचराच दिसणार."

मी माउस घेऊन फाईल बंद केली, परत उघडली. परत मराठी.

"का रे? काय झालं?"

"फायली शिफ्ट-डिलीट केल्या तर परत मिळतात?"

"कधी कधी मिळतात. वर दुसरं काही टाकलं नसेल तर."

"सॉफ्टवेअर टाकलंय. डिफ्रॅग पण केलंय."

थॉमसने चष्मा काढला. "म्हणजे मयत उचललं, आणि घर सारवून पण घेतलंस."

एकसष्ट फायली. एकेक वीस केबीची. सगळ्या मिळून एका फ्लॉपीत मावल्या असत्या. सव्वा एमबी वाचवले मी.

जिना उतरताना माझ्या डोक्यात काय होतं तेही लिहितो. थॉमस काही काकूंना फोन करून सांगणार नव्हता. व्हायरस सगळ्यांनी मान्य केलेला. शिवाय अनुजच म्हणाला होता, माझं काही नाही त्यात. हे सगळं मी दोन जिन्यांत जमवलं.

खाली अनुज स्कूटरवर बसून होता. "मिळालं?"

"गेल्या वर्षीचं."

"मग संपलं." त्याने किक मारली नाही. "बाबांनी गिऱ्हाईक बघितलंय. रविवारी नेणार कॉम्प्युटर. आई सकाळपासून आठवून आठवून लिहितेय. एकवीस झाले. एकीचं काय करायचं तेच कळत नाहीये तिला."

"कोणाचं?"

"विनयाताई आहे एक. घटस्फोट झालाय. तीनदा आमच्या दारापर्यंत येऊन परत गेलेली. चौथ्यांदा आत आली, तेव्हा आईने दार लावून घेऊन लिहून घेतलं. आता तिला परत कसं विचारायचं, आई म्हणते. आणि हर्ष्या, हे सगळं माझ्या एका गेममुळे."

तेव्हा मी बोललो. "तुझ्या गेममुळे नाही. व्हायरस नव्हताच. मी केलं."

सगळं सांगितलं. फॉन्ट, नियम, शिफ्ट-डिलीट. मध्ये एक बस हॉर्न वाजवत गेली, तेवढं वाक्य परत सांगितलं. तो ऐकत होता. मला वाटलं, मारेल.

"तुला कधी कळलं?"

"आत्ता. वर."

"खरं?"

"आईशप्पथ."

त्याने स्कूटरचा आरसा उगाच फिरवला. मग म्हणाला, "कालपासून मी त्या घरात मान खाली घालून जेवतोय. आईने रात्री भाकरी वाढली ती पण माझ्याकडे न बघता."

"सॉरी."

"मला काय सॉरी बोलतोस? मी नाय सांगणार हं आईला. तू सांग. बाबांसमोर सांग."

"सांगतो."

"फोनवर नाय."

"आत्ता येतो तुझ्याबरोबर. फॉन्टची सीडी थॉमसकडून घेतो, आज रात्रीच टाकतो. काकूंना आठवतील ते त्यांनी सांगायचे, मी टाईप करणार. उरलेल्या घरांत मी काकूंबरोबर फिरणार. प्रत्येक दारात मी सांगणार, चूक माझी, काकूंची नाही, अनुजची नाही. विनयाताईंकडे पण मीच आधी आत जाणार. त्या नको म्हणाल्या तर निमूट परत येणार."

"आणि व्हायरस?"

"अन्या, तुला शब्द देतो. मला खात्री नसेल तिथे मी 'माहीत नाही' म्हणेन. तुझ्या घरात, आणि कोणाच्याही घरात."