चोथ्याचा केक

जावईबापूंनी रस काढायचं यंत्र आणलं आणि घराचं सगळं बस्तानच हललं. मिक्सर ओट्याखाली गेला, पावाचा डबा कपाटावर चढला, आणि मधोमध ते चकचकीत धूड येऊन बसलं. रोज सकाळी जावईबापू त्याच्या तोंडात गाजरं, बीट, सफरचंदं कोंबत. एका बाजूने पेलाभर रस येई, दुसऱ्या बाजूने भांडंभर चोथा. रस ते स्वतः पीत आणि चोथा घराला देत. वर म्हणत, "सगळं पोषण यातच असतं बरं का." मग स्वतः का खात नव्हते, ते कधी कळलं नाही.

त्यांच्या सासूबाईंना सगळे मालकीणबाई म्हणत. हे नाव बेकरीतल्या गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. नवरा गेला, गुडघ्यांना भट्टीसमोर उभं राहणं झेपेना, तेव्हा बेकरीचं शटर ओढून त्या लेकीकडे राहायला आल्या. दुकान मात्र त्यांनी विकलं नव्हतं, आणि जावईबापूंचा डोळा नेमका त्याच दुकानावर होता. तिथे म्हणे रस विकायचा, आणि रसाशेजारी चोथ्याचे केक आणि चोथ्याची बिस्किटं.

"काहीच वाया जायचं नाही, आई. लोकांच्या उड्या पडतील."

"चोथ्यावर गुरांच्या उड्या पडतात, जावईबापू. माणसांचं मला ठाऊक नाही."

"आई, पुरे ना," लेक म्हणाली. हे तिचं नेहमीचं होतं. नवऱ्याने काही काढलं की ती त्याला सावरायची आणि आईने काही म्हटलं की आईला.

तोंडावर नाही म्हटलं तर लेकीच्या घरात रोज धुसफूस, आणि हो म्हटलं तर इतक्या वर्षांच्या दुकानाचा चोथा. मालकीणबाईंनी मधला रस्ता काढला. "चोथ्याचं असं काही करून दाखवा, की मी आपणहून दुसरा तुकडा उचलेन. मग दुकान दिलं," त्या म्हणाल्या आणि निर्धास्त झाल्या. आपल्या जिभेला त्या चांगल्या ओळखून होत्या.

मग सुरू झाला तो छळ! जावईबापू खुर्चीत बसून मोबाइलमध्ये बघून सांगत आणि लेक करी. पहिल्यांदा बीटच्या चोथ्याचे कटलेट झाले. ते तव्यावरून ताटात येईपर्यंत फुटले आणि ताटात अपघात झाल्यासारखं दिसू लागलं. मग संत्र्याच्या चोथ्याची बिस्किटं. संत्री सालीसकट आणि बियांसकट पिळलेली, त्यामुळे बिस्किटं अशी कडू की तोंडात औषधाची बाटली उपडी केली असती तरी परवडलं असतं. "हा कडूपणाच यकृताला चांगला," जावईबापू म्हणाले आणि स्वतः अर्धंच खाऊन उठले. पुढे सेलरीच्या दांड्यांच्या चोथ्याचं सूप आलं. त्यातले धागे दातांत असे अडकले की जेवणानंतर तिघंही आरशासमोर रांगेत उभे.

"जमेल हळूहळू," जावईबापू म्हणाले.

"दात आहेत तोवर जमवा," मालकीणबाई म्हणाल्या.

फ्रिजमध्ये आता दुधाला जागा उरली नव्हती. डब्यांवर डबे, प्रत्येकात चोथा, आणि तळातल्या डब्यांचा आंबूस वास. तरी जावईबापूंचं डोकं थाऱ्यावर येईना. त्यांनी दोष यंत्राला दिला. नाचता येईना अंगण वाकडं, आणि यांनी तर अंगणच नवीन विकत आणलं. दुसरं यंत्र आलं, पहिल्यापेक्षा मोठं आणि हळूहळू पिळणारं. ते असं पिळी की थेंब मागे राहत नसे. चोथा निघे तो सुताराच्या करवतीखालच्या भुश्यासारखा कोरडा. त्याचा पहिला केक सुरीखाली भुरभुरला, तेव्हा मालकीणबाईंनी तो चमच्याने खाल्ला आणि वर दोन पेले पाणी प्यायल्या. मनात म्हणाल्या, दुकान वाचलं.

आणि मग एका रविवारी तो केक आला.

गाजराचा होता. मालकीणबाईंनी सवयीने अंगठ्याने दाबून पाहिला, तर दाबलेला खळगा हळूच वर आला. आत ओलावा होता, गोडी होती, आणि आल्याचा झटका अगदी शेवटी लागत होता. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. बघता बघता त्यांचा हात ताटलीकडे गेला आणि दुसरा तुकडा तोंडात गेलासुद्धा.

"उचलला! आईंनी दुसरा उचलला!" जावईबापू असे ओरडले की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. "मी म्हणत होतो ना, सगळी या यंत्राची कमाल आहे!"

मालकीणबाईंनी तो घास जिभेवर घोळवून पाहिला. त्या कोरड्या भुश्यातून एवढा ओलावा येणं शक्यच नव्हतं. आयुष्य मैद्यात काढलेली बाई यंत्राच्या कमालीला फसते थोडीच.

सोमवारी सकाळी जावईबापू अंघोळीला गेले आणि मालकीणबाई पाय न वाजवता स्वयंपाकघरात शिरल्या. लेक यंत्रासमोर उभी होती. तिने रसाचा भरलेला पेला उचलला, अर्ध्याहून जास्त चोथ्याच्या भांड्यात ओतला, पेल्यात पाणी घातलं, चमचाभर मध घातला आणि ढवळलं. मग वळली, तर आई दारात.

"हे काय गं?"

"रस परत घातला की केक चांगला होतो," लेक म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"आधी काढायचा आणि मग परत घालायचा? हा कुठला द्राविडी प्राणायाम! सरळ गाजर किसून घातलं असतंस तर?"

"मग त्याचं आणि त्याच्या यंत्राचं त्यात काय राहिलं असतं, आई?"

मालकीणबाईंना राग आला, भयंकर आला, पण तो जावईबापूंवर नव्हता. बेकरीत त्यांचा नवरा मैद्याच्या गोळ्यावर एक थाप मारून 'आज हात बसलाय' म्हणायचा, आणि पहाटेपासून मळत बसलेल्या त्या मान डोलवायच्या. ती मान लेकीने लहानपणापासून पाहिली होती. दुसरं काय शिकणार होती पोर?

जावईबापू नाश्त्याला आले. पेला एका दमात रिकामा केला आणि छातीवर हात फिरवत म्हणाले, "अंगात कशी वीज खेळते बघा! बरं आई, शब्द म्हणजे शब्द."

"शब्द म्हणजे शब्दच. ज्याने केक केला, दुकान त्याचं." मालकीणबाईंनी किल्ल्या काढून लेकीसमोर ठेवल्या.

"एकच की! तिला काय आणि मला काय," असं म्हणत जावईबापूंनी बायकोकडे न बघताच हात पुढे केला.

मालकीणबाईंना वाटलं, संपलं! आता ही उचलणार आणि त्या हातावर ठेवणार. लेक त्या हाताकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "तू आत्ता प्यायलास ना, त्यात निम्म्याहून जास्त पाणी होतं. गेला आठवडाभर तसंच करून बघतेय. रस केकमध्ये जातो."

जावईबापूंनी रिकाम्या पेल्यात डोकावून पाहिलं. क्षणभरच. मग त्यांचा चेहरा उजळला. "बघा आई! म्हणजे केक चांगला झाला तो माझ्याच रसाने!"

इतका अस्सल मूर्खपणा मालकीणबाईंनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्या तोंड उघडणार, एवढ्यात लेकीने किल्ल्या उचलून स्वतःच्या पिशवीत टाकल्या.

"रस गाजराचा होता," ती म्हणाली आणि चपला घालून दुकान बघायला निघाली. त्याला 'येतोस का' असंही तिने विचारलं नाही. जिन्यात तिला गाठायला मालकीणबाईंना गुडघे विसरावे लागले.