अळिवाचा आडोसा

शरद ऋतू ओसरत होता. अमेरिकेतल्या डाकोटाच्या अफाट माळावर गवत पिकले होते. ताम्रवर्णी, वायुविलोल, क्षितिजापर्यंत झुलणारे गवत. त्यातून बायसनांचा, तिकडच्या रानगव्यांचा, कळप चालला होता. मेघश्याम, पृथुस्कंध, धीरगती.

ही जनावरे कुमुदिनीबाईंच्या मुलाने, निनादने पाळली होती. नांगराने थकलेली भूमी त्यांच्या खुरांनी पुन्हा भुसभुशीत झाली. त्यांच्या लोकरीत अडकून रानफुलांचे बी दूरदूर गेले. हरवलेले पक्षी परतले. बाईंनी आधीच्या खेपांत हे सारे डोळ्यांनी पाहिले होते. तरी सांगलीच्या नातलगांना त्या एवढेच सांगत, "निनाद तिकडे शेती करतो." पुढचे कुणी विचारलेच, तर पदर सावरीत.

या खेपेला सुनेच्या बाळंतपणासाठी त्या पोहोचल्या, तेव्हा बाळ झाले होते आणि ऋजुता केवड्याच्या पानासारखी पिवळी पडली होती. अंगात रक्त नव्हते, बाळाला दूध पुरत नव्हते.

"आई, बायसनाच्या मांसात लोह भरपूर, चरबी कमी," निनाद चाचरत म्हणाला. "तिला रस्सा देऊ या?"

जन्मभर ज्यांनी अंडेही शिवले नव्हते, त्या हातांनी मग मिरे कुटले, आले ठेचले, तुपाची फोडणी दिली. नाक पदरात, डोळे पाण्यात, हात पातेल्याशी. रोज एक वाडगा. महिन्याभरात ऋजुताच्या ओठांवर अरुणिमा उमलली.

एका सकाळी थोरल्या बहिणीचा, वत्सलाताईंचा व्हिडिओ कॉल आला.

"अगं बाई, कांती काय फुललीय सूनबाईची! काय खाऊ घालतेस गं?"

"अळीव," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "अळिवाचे लाडू. दुसरं काय!"

ऋजुता शेजारीच रस्सा पीत होती. तिने वाडगा ओढणीआड घेतला.

"मी आत जाऊन पिते, आई," ती कुजबुजली. "दिसायला नको."

फोन ठेवला, आणि लाज आली. ती गालांवर उमटली नाही. ती मिऱ्यांचा वास मुरलेल्या बोटांतून, मनगटांतून, संथ, जळत वर चढली. ज्या मुक्या जिवाने आपला प्राण या घरात ओतला, त्याचे नाव त्यांनी गिळले होते. लेकाचे कष्ट लपवले होते, सुनेचा घास लपवला होता. आणि कशाआड? एका लाडवाआड!

त्यांनी पुन्हा फोन लावला.

"ताई, ते अळीव नव्हे गं. बायसनाचा रस्सा. निनाद ती जनावरं पाळतो. आणि रस्सा मी शिजवते, माझ्या हातांनी."



"देवाला लावू नकोस हो ते हात," वत्सलाताई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

कुमुदिनीबाई आत गेल्या. ऋजुता भिंतीकडे तोंड करून बसली होती. क्षमेचा शब्द ओठांपर्यंत आला, तिथेच विरघळला.

"रस्सा निवला असेल गं. दे, गरम करून आणते."

वाडगा हाती घेतला, तरी नजर वर होईना. खालीच राहिली ती; आणि खाली, मातेच्या कुशीत, तृप्त, निद्राजड बाळाच्या ओठांवरून दुधाचा एक थेंब ओघळला. शुभ्र, उष्ण. हनुवटीवर थरथरला, थबकला.