हजेरीचं बटण

आमच्या पाणीशुद्धीकरण केंद्रात तळघरातल्या पंपांपाशी एकच माणूस असायचा, आणि त्याच्यासाठी भिंतीवर एक हिरवं बटण होतं. थोड्या थोड्या वेळाने त्याने ते दाबायचं. दाबलं की वर नियंत्रण कक्षात दिवा लागायचा, म्हणजे माणूस ठीक आहे. नाही लागला तर भोंगा वाजायचा आणि आम्ही खाली धावायचो. खाली माझे बाबा होते आणि वर, दिव्यासमोर, मी. बाकीचे एकदाच बटण दाबत, बाबा दोनदा. एक नोकरीसाठी, एक तुझ्यासाठी, असं म्हणायचे.

मागच्या हिवाळ्यात भोंगा वाजला. जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. बाबा पंपाला टेकून बसले होते आणि त्यांचे डोळे उघडे होते. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर तळघरात माणूस ठेवायचाच नाही असं ठरलं. बटण काढलं, भोंगा तोडला, पण वायरीचं टोक पाइपात तसंच सोडून दिलं. ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. वस्तू काढायची, वायर राहू द्यायची, पुढचा येईल तो बघून घेईल. अशा मोकळ्या वायरीत शेजारच्या मोटारीच्या केबलमुळे थोडी वीज उतरते आणि दिवा उगाच लुकलुकतो. हे मला तोंडपाठ आहे. तरी बाबांचा दिवा लागोपाठ दोनदा लागला तेव्हा माझ्या हातातून कप सुटला.

आणि मी अतिशहाणी, घरी जाऊन आईला सांगून बसले. तेही चेष्टेत. "बाबांनी आजही हजेरी लावली गं." आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी मी चपला काढते न काढते तोच तिने विचारलं, "आज आले होते का?"

मी हो म्हटलं. दिवा लागला होता, तेव्हा खोटं तरी कसं म्हणणार? त्या दिवशी आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मग ते रोजचंच झालं. ती केस नीट विंचरू लागली, शेजारणीशी दोन शब्द बोलू लागली. मीही दुपारचा डबा दिव्यासमोर बसून खाऊ लागले. मावशीच्या कानावर गेलं तेव्हा तिने मला चांगलंच फैलावर घेतलं. "ती आता खरंच मानायला लागलीय. तिचं डोकं फिरलं म्हणजे काय करशील? तू लावलंस हे वेड, तूच काढ." मावशीचं चुकत नव्हतं, याचाच मला जास्त राग आला.

पुढे जुनी यंत्रणा जाऊन नवी आली. आमच्या प्रमुख अभियंत्यांना आम्ही पाठीमागे घाईसाहेब म्हणतो. त्यांनी मॉड्यूल लावायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मॉड्यूल म्हणजे कपाटात ओळीने बसणारे चपटे डबे. काही बाहेरची खबर आत आणतात, काही आतला हुकूम बाहेर नेतात. त्यातल्या प्रत्येक जागेला नाव द्यायचं, तिथे काय जोडलंय ते सांगायचं, आणि आलेली खूण किती वेळ टिकली म्हणजे खरी मानायची तेही ठरवायचं. या शेवटच्या प्रकाराला आम्ही फिल्टर म्हणतो. कपाटात बाबांच्या बटणाची वायर यायची त्या जागेवर आता तळघरात पाणी साचलं की कळवणारा तरंगता स्विच आला होता. त्याची खूण आली की सगळे पंप बंद.

सकाळी पंप सुरू केले. थोड्याच वेळात पडद्यावर त्या जागेचा ठिपका लागला, विझला, पुन्हा लागला. पंप थांबले. मी खाली जाऊन पाहिलं तर तळघर कोरडं ठणठणीत. जुनी वायर पाइपातून ओढून बाहेर काढली, तरी तेच. नव्या स्विचची वायरही सोडवली. जागा रिकामी, आणि तरी ठिपका लागला, विझला, पुन्हा लागला. मॉड्यूलच बदललं. नव्या डब्यातही दोनदाच.

"अजून किती वेळ?" घाईसाहेब मागे येऊन उभे राहिले. "अर्ध्या गावाचे नळ कोरडे आहेत. दवाखान्यातून फोनवर फोन येतायत. फिल्टर वाढव आणि मोकळी हो."

"साहेब, तिथे वायरच नाहीये. तरी खूण येतेय."

"मग काय, भूत आहे?" ते हसले. "असेना का. पंप बंद करायचा अधिकार त्याला कुणी दिला?"

ते फोन घ्यायला गेले. तळघरात पाणी चढलंच तर सावकाश चढणार, म्हणजे तिथे लांबलचक फिल्टर ठेवण्यात काहीच वावगं नव्हतं. पण एवढा वेळ कुणी बटण दाबून धरत नाही. हे एकदा केलं की संध्याकाळी आईला काय सांगू? आणि खरं सांगायचं तर माझ्या दुपारचं काय? मला रडू येत होतं आणि तिकडे फोन वाजतच होता. मी हळूच म्हटलं, "बाबा, माफ करा." स्विचची वायर पुन्हा जोडली आणि फिल्टर वाढवला.

ठिपका परत लागला नाही. पंप चालू झाले, नळांना पाणी गेलं. मॉड्यूलवर एक बारीकसा दिवा असतो, तो फिल्टरने अडवलेली खूणही दाखवतो. त्याच्याकडे मी मुद्दाम पाहिलं नाही.

वाटेत मी खोटं घोकत घरी आले. आईने दार उघडलं. चेहरा असा खुललेला की मला ती क्षणभर लहान वाटली. आज तिने काही विचारलंच नाही, म्हणून मीच सुरू केलं. "आई, आज आले होते बरं का."

तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"कुणाचा?"

"अगं, दुपारीच आले ते. फार दमलेत. म्हणाले, मी तिथे किती वेळ दार वाजवत होतो, पण पोरगी ओ देईना."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फिल्टरचं मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं, मावशीलाही नाही. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही जास्त आईचा हेवा वाटला. आता तिला हाताला धरून ते दार उघडायला हवं, खोली रिकामी आहे हे दाखवायला हवं, डॉक्टरांना फोन लावायला हवा, हे सगळं मला समजत होतं. तेच बोलायला मी तोंड उघडलं.

"आई," मी दबक्या आवाजात विचारलं, "जेवले का ते?"