ऐपत

"अहो, आधी फ्रिज ढकला बाहेर. टीव्ही मी चादरीखाली झाकते," कुमुदिनीबाई पदर खोचत म्हणाल्या. दुपारी बँकेचा माणूस घर पाहायला यायचा होता. त्याआधी दिल्लीतल्या करोल बागेजवळचं ते सरकारी क्वार्टर होईल तितकं गरीब दिसायला हवं होतं.

तात्यारावांनाही हे पटलं. केंद्राच्या अर्थ मंत्रालयात हेडक्लार्की करण्यात त्यांचा जन्म गेला होता. अर्जात अडचण नीट मांडली की साहेब विरघळतो, हा त्यांचा अनुभव. मार्चअखेर निवृत्ती, मग क्वार्टर सुटणार. मयुराच्या पगारावर नोएडाच्या फ्लॅटसाठी कर्ज मिळालं तर ठीक, नाहीतर लेकीला इथे एकटी ठेवून दोघांनी नागपूरची गाडी धरायची.

खरं तर तात्यारावांनी साहेबांची घरकर्जावरची टिपणं कितीदा टाईप केली होती. श्रीमंत देशांत वस्तूंचे भाव फारसे हलत नाहीत, म्हणून तिथली तरणी जोडपीही कर्ज काढून घर घेतात. जिथे महागाई दरवर्षी उड्या मारते, तिथे वीस वर्षांनी परत येणाऱ्या रुपयाचं काय मोल उरेल हे कर्ज देणाऱ्यालाच कळत नाही. मग एवढ्या लांबच्या मुदतीनं तो देईल कशाला? आता आपल्याकडेही महागाई निवली होती, व्याज उतरलं होतं आणि बँका आपणहून गिऱ्हाईक शोधत होत्या. पण टिपणातलं जग आपल्या जिन्यापर्यंत आलंय, हे काही तात्यारावांच्या ध्यानात आलं नाही.

बँकेचे टायवाले गृहस्थ आले. तात्यारावांनी हात जोडून पेन्शन किती तुटपुंजी, बायकोचे गुडघे कसे गेलेत, सगळं हिंदीत सांगितलं. गृहस्थ गंभीर झाले आणि शेजाऱ्यांकडे चौकशी करायला निघून गेले.

तेवढ्यात मयुरा अर्धी रजा टाकून ऑफिसातून आली. ओकंबोकं घर पाहून तिनं फ्रिज कुठे गेला ते विचारलं. ऐकून ती मटकन खालीच बसली.

"बाबा, हे काय रेशन कार्ड आहे? बँक गरज नाही बघत. फेडायची ऐपत बघते."

"मग गेलं का गं घर?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

दारात हसण्याचा आवाज आला. शेजारच्या चोप्राबाई त्या गृहस्थांना घेऊन आल्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात दोन फ्रिज पाहून गृहस्थांनी विचारलं होतं आणि बाईंनी सगळं सांगून टाकलं होतं.

"अंकलजी, फ्रिज वापस ले आइए," गृहस्थ हसू दाबत म्हणाले. "किस्त बेटी की तनख्वाह से जाएगी. वो मैंने देख ली है. बिल्कुल ठीक है."

कुमुदिनीबाईंनी डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवलं.

पुढच्या आठवड्यात बँकेत सह्या झाल्या. तात्याराव सवयीनं टेबलापुढे उभेच राहिले. टेबलामागच्या अधिकारी बाईसाहेबांनी खुर्ची दाखवली, तसे ते तिच्या कडेला टेकले. मयुरा एकेक कागद वाचून सही करत होती. हळूहळू ते मागे सरकले. पाठ खुर्चीला लागली, तेव्हा ती किती दिवसांची अवघडली होती ते त्यांना कळलं.