दोरीवरचा झगा

जैतूने टोपी उलटसुलट केली आणि तिच्या वरच्या चौकोनी फळीवर तळहात दाबून बघितला.

"ही घेऊ बरोबर," तो म्हणाला. "वरून सपाट हाय. इटा बऱ्या बसतील."

शुक्रीने हातातलं पातेलं खाली आदळलं.

"डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? पोरीच्या पदवीची टोपी हाय ती."

"मंग कशाला असती? ना ऊन अडवीत, ना पाऊस."

तो थट्टा करत नव्हता. जन्म विटा वाहण्यात गेलेला माणूस. डोक्यावर घालायची वस्तू ओझ्यासाठी नाही तर कशासाठी, हा त्याचा सरळ हिशेब. लेकीला, मनिषाला, हसू आलं. मग त्या विटांखालचं डोकं कुणाचं असणार हे तिच्या ध्यानात आलं आणि ती गोधडी बांधायला लागली.

दिवाळी सरली की नेरे गावाच्या वरच्या अंगाची ही कातकरवाडी वीटभट्टीवर निघते आणि पावसाच्या तोंडावर परतते. भट्टीवर काम जोडीला मिळतं, एकट्याला कोणी उभं करत नाही. जैतूची जोडी शुक्रीशी. पण पावसाळ्यात ती शेताच्या बांधावरून घसरली, मनगट वाकडं बसलं, आणि आता त्या हाताने चिखलाचा गोळासुद्धा उचलत नव्हता. काल मनिषा म्हणाली, मी येते. तेव्हापासून शुक्री तिच्याशी बोलली नव्हती.

वाडीतली पहिली बी.ए. झालेली पोर. पदवीच्या दिवशी विकत घेतलेला काळा झगा घालून आली तेव्हा लेकरं मागे धावली होती. त्यानंतर ती पनवेलची ऑफिसं फिरली, रोडपालीच्या गोदामात जाऊन आली. सगळे नीट बोलले, खुर्ची दिली, 'कळवतो' म्हणाले. त्या 'कळवतो'इतका गोड नकार दुसरा नसेल.

"तू रहा," शुक्री एकदाची बोलली. "म्हातारी गुणाबाई हितंच हाय, तिच्याकडं जेव. फोन आला तर?"

"फोन तिकडं पन येल, आये."

"आन मंग? चिखलाचे पाय घिऊन जाशील त्यांच्या हापिसात?"

"बा एकटा काय करल?"

शुक्रीने वाकडं मनगट पदराखाली घेतलं. तिला रडू आलं नाही, राग आला. आणि तो कुणावर काढावा तेच कळेना.

राहिला झगा. घरात ठेवावा तर उंदीर आणि वाळवी. भट्टीवर न्यावा तर धुराने वाटोळं. तोडगा जैतूनेच काढला. वाडीची रीतच होती ती: भट्टीवर जाताना दाराला नुसती कडी घालायची आणि अंगणातल्या दोरीवर एखादं लुगडं, एखादा सदरा टाकून जायचं. घरात माणूस आहे असं लांबून वाटावं. कुलूप म्हणजे चोराला आवतणच.

"ह्यो टाकू दोरीवं. चांगला लांबरुंद हाय."

"उन्हानं इटंल तो," शुक्री म्हणाली.

"इटू दे," मनिषा म्हणाली.

तिने झगा स्वतःच बाहेर नेला. सुरकुत्या पडू नयेत म्हणून दोन्ही बाह्यांतून बांबूची काठी सरकवली, पुढची बटणं लावली, काठी दोरीला सुतळीने आवळली. एवढं नीट कशाला, असं जैतूच्या ओठावर आलं होतं. शुक्रीने टोपी आपल्या लुगड्यात गुंडाळून बोचक्याच्या तळाशी घातली.

ट्रक आला. मुकादम घाई करत होता. भांडी चढली, डालगं भरून कोंबड्या चढल्या, माणसं चढली. जैतूने मनिषाला हात देऊन वर घेतलं आणि ती दोघांच्या मधे बोचक्यावर बसली.

गुणाबाई तेवढी वाडीत राहणार होती. म्हातारीला भट्टीवर कोण नेणार? हातभर अंतरापलीकडे तिला नुसता आकार दिसायचा. काठी टेकत ती निरोप द्यायला आली, पण ट्रकपाशी न येता शुक्रीच्या अंगणातच थबकली. दोरीसमोर उभी राहून तिने मान वर केली.

"रायलीस? लय बरं केलंस, मनिषा," ती म्हणाली. "इतकं शिकून कुनी चिखल तुडवायला जातं का? मला वाटलंच, आय तुला नेनार नाय."

ट्रकमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. जैतूने हाक मारायला तोंड उघडलं. मनिषाने त्याचा दंड धरला आणि मान हलवली. शुक्री पोरीकडे बघत राहिली. मग तिने तोंड फिरवलं.

"सांजचं माझ्याकडंच ये," गुणाबाई सांगत होती. "एकटीनं चूल पेटवू नको."

ट्रक हलला. वाऱ्याने झग्याची एक बाजू जराशी उचलली गेली. म्हातारीला तेवढं पुरलं. ती काठी टेकत घराकडे वळली, दोघींपुरता भात टाकायला.