फटफटीची शिंगं

मी एक जुनी फटफटी आहे आणि माझ्या डोक्यावर शिंगं आहेत. हसायचं असेल तर मित्रांनो, आत्ताच हसून घ्या. आमच्या अंथुर्णे गावची सगळी पोरं हसून झाली, बारामतीच्या मंडईतले हमाल हसून झाले. एकदा तर कालव्याच्या पुलावर एक म्हैस मला बघून अशी थबकली, की तिला माहेरचंच कुणीतरी भेटलंय असं वाटलं असावं. आता मला त्याचं काही वाटत नाही. पण एके काळी फार वाटायचं. तेच तुम्हाला सांगते.

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. मला लढाईसाठी घडवलं होतं. अंगाला मातकट हिरवा रंग, खाली मजबूत चाकं, आणि हँडल कसं म्हणाल, तर बुटकं, सरळ, आटोपशीर. स्वार त्याच्यावर ओणवा झाला की वारा त्याच्या पाठीवरून निघून जायचा. त्या हँडलाचा मला कोण गर्व! लढाई संपली आणि आमची गरजही संपली. पुण्यात एका मैदानात आम्हाला ओळीनं उभं करून लिलाव पुकारला. तिथं एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर कधीतरी मला गेणबानं घेतलं.

गेणबा हा अंथुर्ण्याचा बागायतदार. कालव्याच्या पाण्यावर त्याची वांगी, दोडकी आणि गवार पिकायची. दिवस उगवायच्या आत माझ्या कॅरेजवर दोन पाट्या बांधायच्या आणि बारामतीची मंडई गाठायची, हे आमचं काम. बैलगाड्या अजून वाटेत असायच्या तेव्हा आमचा माल विकून झालेला असायचा. लोक म्हणायचे, "गेणबाची फटफटी म्हंजे नुसतं वारं हाय वारं!" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण पुढच्या चढाला जरा जास्तच जोर लावायचे.

घरात माझं कौतुक नव्हतं ते एकाच माणसाला, गेणबाच्या वडलांना. रावजी आबा त्यांचं नाव. धिप्पाड देह, पांढऱ्या मिशा आणि डोक्याला भला मोठा लाल पटका. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ह्याला वैरण घालायची न्हाय, ह्याच्या पाठीवरनं हात फिरवायचा न्हाय, मग ह्येनं ऐकायचं कुणाचं?" त्यानंतर त्यांनी माझ्याकडं ढुंकून पाहिलं नाही. त्यांचा सगळा जीव हरण्यात. हरण्या म्हणजे मळ्यातला बैल. वासरू होता तेव्हापासून आबांनी त्याला वाढवलेला. आता तो म्हातारा झाला होता, गुडघ्यातून गेला होता, मळ्यातून गावापर्यंत चालणं त्याला झेपत नव्हतं. म्हणून आबाच रोज मळ्यात जायचे. मला काय, मी म्हणायचे, जा बापडे! मला कुठं तुमच्या हातचा कडबा खायचाय!

आणि एका चैत्रात आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. बोलणं शाबूत राहिलं, पण तो धिप्पाड माणूस ओसरीवर खांबाला टेकून बसला तो बसलाच. सून प्रयागबाई त्यांना भरवायची, पटकाही तीच बांधून द्यायची. दिवसभर आबा मळ्याच्या दिशेनं बघत राहायचे. मी समोरच उभी असायचे, त्यामुळं ते माझ्याकडंच बघतायत असं मला वाटायचं आणि उगाच अवघडल्यासारखं व्हायचं.

आषाढ लागला. बेंदूर जवळ आला. मित्रांनो, बेंदूर म्हणजे आमच्याकडं बैलांचा सण. त्या दिवशी बैलांना न्हाऊ घालतात, शिंगांना लालभडक हिंगूळ लावतात, बेगड चिकटवतात, पुरणपोळीचा घास भरवतात. हरण्याची शिंगं दर बेंदराला आबांनीच रंगवलेली. त्यात आदल्या आठवड्यात प्रयागबाईच्या तोंडून निघून गेलं, "मामंजी, हरण्या वैरणीला नीट तोंड लावंना बघा. सारखा वाटंकडं बघतोय."

आबांनी डाव्या हातानं खांब धरून उठायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "गेणबा, मला मळ्यात ने."

"नेतो की. गाडीत गादी टाकू, तुमी आडवं व्हा, सावकाश जाऊ."

"आडवं?" आबांचा आवाज चढला. "आडवं न्यायचा दिवस येईल तवा न्यालच की मला. तवर मी बसून जानार. हरण्याम्होरं मड्यागत जाऊ व्हय?"

आता बसून जायचं तर बैलगाडीचे हिसके त्यांना सोसेनात, तोल जायचा. उरले मी. गेणबानं त्यांना माझ्यावर मागं बसवलं आणि उपरण्यानं स्वतःच्या कमरेला बांधलं. चावडीच्या वळणावर उपरणं सैल झालं, लुळ्या हाताला काही धरता येईना, आणि आबा तिथं राहणाऱ्या तानूबाईच्या उकिरड्यात जाऊन पडले. मऊ जागा होती म्हणून निभावलं. तानूबाईनं गेणबाचा असा उद्धार केला की माझे कान असते तर मी झाकून घेतले असते. माणसं माझ्या नावानंही बोटं मोडू लागली. तेव्हा उकिरड्यात बसल्या बसल्या आबा म्हणाले, "त्या फटफटीला कशाला बोलताय? तिनं न्हाय पाडलं. माझ्या हातानंच दगा दिला."

त्यांच्या तोंडून माझ्याविषयी पहिल्यांदा बरा शब्द निघाला. मला मेलीला उगाच भरून आलं.

मागं जमत नाही तर पुढं, असं गेणबानं ठरवलं. टाकीवर घोंगडी टाकून आबांना आपल्या दोन हातांच्या मध्ये बसवायचं, म्हणजे ते कुठंच पडणार नाहीत. पण माझं ते रुबाबदार बुटकं हँडल आबांच्या पोटात रुतायचं. वळवायला गेलं तर गुडघ्याला अडायचं. गेणबा माझ्याकडं बघत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हस्कू लोहाराच्या भट्टीवर घेऊन गेला.

"हँडल उंच कर," तो म्हणाला. "आबा मधी मावलं पायजेत, पटक्यासकट."

म्हस्कूनं माझं हँडल सोडवलं आणि खुंटीला अडकवलं. काय सांगू मित्रांनो, डोक्यावरचा पदर भर बाजारात ओढावा तसं झालं मला. मग त्यानं एक लोखंडी नळी घेतली, वाकवताना चेपू नये म्हणून आत वाळू भरली, भट्टीत लाल केली आणि वाकवायला घेतली. आता जन्मभर नांगर आणि बैलगाड्याच केलेला माणूस तो. त्याच्या हाताला जो बाक ठाऊक, तोच त्यानं दिला. दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेली, टोकाला मागं झुकलेली अस्सल शिंगंच झाली ती! त्यात वायरी अपुऱ्या पडल्या. म्हस्कू मोठ्या ऐटीत चालवून बघायला बसला, उजवीकडं वळला, तशी रेसची वायर ताणली गेली आणि मी आपोआप भुंगाट सुटले. म्हस्कू पाण्याच्या चारीत आणि मी त्याच्या शेजारी. मग बारामतीहून लांब वायरी आणल्या, पाय ठेवायला पट्ट्या बसवल्या, आबांचा पाय भाजू नये म्हणून धुराच्या गरम नळीला पत्र्याचा आडोसा केला.

पण गावभर माझं हसं झालं ते झालंच. पोरं मागं धावायची, "शिंगाची फटफटी आली रे!" मंडईत कुणी विचारायचं, "दूध किती देती वो?" मी लढाईवरची, आणि माझी ही दशा! त्या दिवसांत माझं तेल गळायचं. गेणबा म्हणायचा वायसर गेलंय. वायसर कसलं, रडत होते मी.

बेंदराची सकाळ उजाडली. प्रयागबाईनं टाकीवर घोंगडीची घडी टाकली. आबांना दोघांनी उचलून बसवलं, गेणबा मागं बसला, दोन्ही बाजूंनी हात पुढं घेऊन त्यानं माझ्या मुठी धरल्या. आबा मध्ये अगदी बेतात मावले. पण म्हस्कूनं पटक्याची उंची धरली होती ती हँडलापुरती. गेणबाच्या डोळ्यांसमोर तर पटक्याशिवाय काहीच येईना.

"आबा, पटका वाईच काढा की. वाटच दिसंना."

"सनाच्या दिवशी बोडका जाऊ? म्या बघतो वाट. तू नुसतं वळीव."

आणि मग निघालो आम्ही. आबांनी जिभेनं च्यक् च्यक् केलं. रेस गेणबानं दिली, हे मला ठाऊक होतं, पण चालले मी आबांच्या च्यक् च्यक् वर. खोटं कशाला बोलू? "डावीकडं घे, खड्डा हाय. हां, आता सरळ. हळू, म्हाताऱ्या माणसाची म्हस आलीया." गेणबा मान वाकडी करून पटक्याच्या कडेनं डोकावायचा आणि आबा म्हणतील तसं वळवायचा. पुलाच्या पलीकडं वाट जरा बरी लागली, तेव्हा आबा हळूच म्हणाले, "तू ल्हान असताना तुला असाच म्होरं घिऊन बसायचो गाडीत. झोपायचास माझ्या हातावर."

"आठवतंय मला," गेणबा म्हणाला. आणि माझ्या मुठी त्यानं घट्ट आवळल्या.

मळ्यात हरण्यानं आमचा आवाज ऐकून मान वर केली. एरवी माझ्या आवाजानं तो बिचकायचा, त्या दिवशी अधू पायानं उठून दाव्याला ताण देत उभा राहिला. गेणबानं आबांना उचलून त्याच्याजवळ बसवलं. त्यानं आबांचा लुळा हात चाटला, खरबरीत जिभेनं, पुन्हा पुन्हा. आबा रडले. अगदी मोकळे रडले. मग डाव्या हातात चिंधी धरून त्यांनी हरण्याची शिंगं रंगवली. वेडीवाकडी, कुठं जाड कुठं पातळ. गेणबा मदतीला सरसावला तर म्हणाले, "सर तिकडं. आमचं चाललंय."

पोळीचा घास हरण्यानं खाल्ला आणि वर पेंढीभर कडबाही खाल्ला. आता परत निघायचं, तर आबांनी वाटीत पाहिलं. हिंगूळ उरला होता.

"मला त्या दुसऱ्या जनावराजवळ ने," ते म्हणाले. "तिची शिंगं ऱ्हायलीत."

मित्रांनो, डाव्या हातानं आबांनी मला हिंगूळ लावला. मग माझ्या टाकीवरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. म्हणाले, "हिचा बी सण हाय आज." लढाईवर इतके साहेब माझ्यावर बसले, कुणी असा हात फिरवला नव्हता. त्या दिवसापासून मला माझ्या शिंगांची लाज वाटली नाही.

पुढं काही वर्षं आम्ही तिघं रोज मळ्यात जायचो. मग हरण्या गेला. त्यानंतर आबाही फार दिवस राहिले नाहीत. त्यांना आडवं न्यायचा दिवस आला, तेव्हा मी ओसरीपुढं उभी होते. माझ्यावरून कुणी नेलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

दिवसकार्य उरकल्यावर म्हस्कू आला. "गेणबा, तुजं जुनं हँडल ऱ्हायलंय माझ्याकडं खुंटीला. आता कशाला ही शिंगं? बशीवतो परत."

"ऱ्हाऊ दे," गेणबा म्हणाला.

अजून आम्ही मंडईला जातो. मी आता खोकते, चढाला धापा टाकते, पाऊस असला की हट्ट करते. टाकीवर कुणी नसतं, समोर सगळी वाट मोकळी असते. तरी वळण आलं की गेणबा मान वाकडी करून कडेनं डोकावतो.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगते. घरातल्या कुणाला तुमच्यासोबत बसता येईनासं झालं, तर त्या माणसाला वाकवू नका, आम्हाला वाकवा. आम्ही लोखंडाचे आहोत, भट्टीत घाला, हवा तो बाक द्या, चार दिवस रडू आणि गप बसू. आणि आमच्यासारखी जुनी वस्तू कधी तुमच्या हाती आली, तर पुसा, तेलपाणी करा, हवा तो रंग द्या. माझ्या डाव्या शिंगाला, मुठीच्या खाली, हिंगुळाचा एक डाग अजून आहे. तेवढा मात्र घासू नका.